सहा तासांची वजाबाकी

निवृत्त झाल्यावर मी टांझानियात गणित शिकवायला जाणार, असे जाहीर केले तेव्हा आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो सिंहाचा. दुसरा मलेरियाचा. तो रास्त होता. मच्छरदाणीवाचून मी तिथे एक रात्र काढली नाही. घड्याळाचा प्रश्न मात्र कोणालाच सुचला नाही.

ही गोष्ट २०१४ सालची. मोरोगोरो हे गाव दार-एस-सलामच्या पश्चिमेला सुमारे १९० किलोमीटरवर, उलुगुरू डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या माध्यमिक शाळेत एका सेवासंस्थेने मला वर्षभरासाठी धाडले होते. पगार नाही, राहायला दोन खोल्या.

स्वाहिली भाषेने पहिल्याच आठवड्यात माझी नाती उलटीपालटी करून टाकली. तिथे आईला म्हणतात मामा, भावाला काका आणि बहिणीला दादा! बाजारात भाजीवाली "मामा, मामा" म्हणून हाका मारी आणि मी मागे वळून कोणाचा मामा आला ते बघत बसे. खाण्याचे हाल मात्र झाले नाहीत. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि त्याच्याबरोबर म्चिचा, म्हणजे आपल्या माठाची सख्खी बहीण. चपातीला तर तिथे चपातीच म्हणतात.

शेजारच्या अंगणात आंब्याखाली चटई टाकून एक आजी दिवसभर तांदूळ निवडत बसत. थोरांना तिथे 'शिकामो' म्हणायचे. मूळ अर्थ, तुमचे पाय धरते. थोरांनी उत्तर द्यायचे, 'माराहाबा'. एकदा शाळेच्या घाईत मी नुसतीच मान हलवून पुढे गेले. आजींनी मला परत बोलावले, बसवून घेतले आणि घर कसे, झोप कशी, मुले कशी, असे सगळे यथासांग विचारून मगच सोडले. त्या दिवशी मला उशीर झाला. मी थोडी चिडलेही. पुढे मी दहा मिनिटे लवकर निघू लागले.

आता घड्याळ. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे बारा महिने सूर्य साधारण सहा-साडेसहालाच उगवतो. म्हणून दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. आपल्या सातला त्यांचा एक. आपल्या पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच मोजतात की! सहा वजा करायचे, एवढेच. नव्याने आलेल्या एका स्वयंसेवक मुलीला मी हे मोठ्या ऐटीत समजावून दिले होते.

नोव्हेंबरात एका रात्री आजी गेल्या. संध्याकाळी नातू दारात येऊन सांगून गेला, "उद्या, सा न्ने." न्ने म्हणजे चार, एवढे मला पक्के ठाऊक. सकाळी मी शाळेत गेले, दोन वर्ग घेतले, वह्या तपासल्या. साडेतीनला घरी येऊन कांगा गुंडाळला आणि अंगणात पाऊल टाकले. बायका मोठमोठी पातेली घासत होत्या. दफन सकाळी दहाला झाले होते.

चाळीस वर्षे गणित शिकवले मी.

सून हात पुसत उठली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "पोले, मामा. पोले सना." कोणाला ठेच लागली, कोणी ओझे उचलून दमला, कोणाचे माणूस गेले, तर त्याला तिथे 'पोले' म्हणतात. तुझा त्रास मला कळतो, असे काहीसे. चूक माझी, दुःख तिच्या घरचे, आणि पोले मला! मला काही बोलता येईना. तिने मला चटईवर बसवले आणि पुढे भाताचे ताट ठेवले. मी जेवले. नाही म्हणण्याचे तोंड मला नव्हते.

पुढले काही दिवस शेजारणी त्या अंगणात येऊन बसत होत्या. शाळा सुटली की मीही जाई. करायचे असे काही नसे, म्हणून सूप पुढे ओढून तांदूळ निवडी. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या बाईंनी वेळ विचारली. माझ्या मनगटावर चार वाजले होते.

"सा कुमी," मी म्हटले. दहा.

त्यांनी मान हलवली आणि चहाचे आधण ठेवायला उठल्या.