सांगणारा कोण?

माहिती खरी कीं खोटी हें मनुष्य पुराव्यावरून ठरवितो, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. ती राहूस फिटली.

दौंड तालुक्यांतील राहू बेटाचा मुलूख उंसाचा आणि गुऱ्हाळांचा. २०१८ सालच्या जून महिन्यांत आम्ही तेथें मावशींकडे राहिलों होतों. मुलें पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या वेळीं महाराष्ट्रभर व्हॉट्सॲपवर फिरत होता. आम्हींहि तो वाचला आणि ‘सावध असलेलें बरें’ एवढाच विचार करून नातलगांच्या समूहावर धाडून दिला. विद्यार्थ्यांना ‘आधार काय?’ असें विचारण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या माणसाची ही गोष्ट!

दोन दिवसांनीं, दरवर्षीं येणारा एक गोसावी दाराशीं उभा राहिला. मावशींनीं कवाड लावून घेतलें. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, तूंच नाहीं का पाठवलंस? तूं प्रोफेसर माणूस. तूं कशाला खोटं सांगशील?”

पुढें १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें अशाच अफवेपायीं जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी ठार मारले. ती बातमी वाचतांना मावशींचें बंद कवाड आमच्या डोळ्यांपुढून हालेना. राहूस कवाडच लागलें, हें आमचें सुदैव, शहाणपण नव्हे.

देशोदेशींच्या लोकांचा बातम्यांवर किती विश्वास आहे, याची मोजदाद रॉयटर्स इन्स्टिट्यूट करीत असते. २०२४ सालीं तो फिनलंडांत शेंकडा ६९, तर ग्रीस व हंगेरींत अवघा २३ भरला. परंतु मावशींचा विश्वास या मापांत कोठें बसावा? तो बातमीवर नव्हता, यंत्रावरहि नव्हता. तो आमच्यावर होता. परक्याची थाप आमच्या नांवावर खरी ठरली. त्याच जुलैंत व्हॉट्सॲपनें एक मजकूर एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये, असें भारतापुरतें ठरविलें. आम्हीं तर तो एकाच ठिकाणीं धाडला होता!

चूक कबूल करणारा मजकूर आम्हीं मागाहून समूहावर लिहिला. तो कोणीं पुढें धाडल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. पुढल्या वर्षीं मावशींना त्या गोसाव्याविषयीं विचारलें. तो पुन्हां आला नव्हता.