थंडी, शेगडी आणि आजीचा 'त'

इगतपुरी म्हटलं की होस्टेलवरच्या पोरांना दोनच गोष्टी आठवतात : पाऊस आणि स्टेशनवरचा वडा. फार तर कुणी विपश्यनेचं नाव काढतो. आमच्या गावाला हिवाळासुद्धा असतो, हे कुणाच्या गावीच नसतं. थंडी पडली की पेपरात निफाडचा पारा छापून येतो, आमचा नाही. पण डिसेंबरात रात्री घाटातून धुकं वर चढलं की समोरचा सिग्नल दिसेनासा होतो आणि मोरीतल्या पाण्याला हात लावायचा धीर होत नाही.

या थंडीत आमच्या घरी पुस्तकं वाचली जातात. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. याचं मूळ खरं तर पावसात आहे. चार महिने गावात इतकी ओल की कपाटातली पानं एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. म्हणून दिवाळी झाली की आई सगळी पुस्तकं अंगणात चादरीवर उन्हाला घालते, पापड घालावेत तशी. संध्याकाळी ती आत नेताना प्रत्येकाने एकेक पुस्तक उचलायचं. ते त्याचं त्या हिवाळ्याचं पुस्तक. मग नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन झाली की शेगडी मध्ये ठेवायची, खिडकीचं एक दार उघडं ठेवायचं आणि पाळीप्रमाणे वाचन सुरू.

आई शाळेत शिक्षिका. तिची निवड ठरलेली, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी त्यातला बराचसा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढला, हे ती दरवर्षी नव्याने सांगते. त्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, बेचाळीस. रोज एक वाचली की थंडी संपते, असा तिचा हिशोब.

बाबा लोको पायलट, ड्युटी बँकरवर. म्हणजे कसाऱ्याला गाडीच्या मागे जी इंजिनं लागतात आणि घाट चढवून देतात, ती. चढ १ इन ३७, सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. बाबा बाबूराव बागूल वाचतात. 'जेव्हा मी जात चोरली होती' ही रेल्वेतल्या कामगाराची कथा त्यांनी वाचली त्या रात्री शेगडीभोवती कुणी बोललं नाही. आजी तेवढी म्हणाली, "खरं लिव्हलंय."

मी शाळेत असताना नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' उचलायचो. आजीला त्यातलं विज्ञान कळायचं नाही, पण माणूस कुठे फसला ते बरोबर कळायचं.

आणि आजीची निवड 'स्मृतिचित्रे'. दरवर्षी तेच. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, म्हणून आजीला त्या आपल्याच वाटतात. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुवून घेणारे त्यांचे वडील आले की ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. पण आजीचं पुस्तक आजी वाचत नाही, वाचतो आम्ही. तिला वाचता येत नाही.

मी बारावीत होतो तेव्हा ती एकदा हळूच म्हणाली होती, "बाळा, मला बी शिकव की जरा. लक्ष्मीबाई लग्न झाल्यावर शिकल्याच ना?" मी म्हणालो, "आईकडे शिक ना, ती तर मास्तरीणच आहे." त्यावर ती म्हणाली, "सुनंपुढं पाटी घेऊन बसू का आता?" मग मी सांगितलं, सीईटी झाली की शिकवतो. सीईटी झाली. मग म्हणालो, पहिलं सेम होऊ दे. सेम झालं, त्यात एक केटी लागली. आजीने परत विचारलं नाही.

यंदा परीक्षा संपवून घरी गेलो. दिवाळीत मी पीएलमुळे आलो नव्हतो, म्हणून माझं पुस्तक उचलायचं राहिलेलं. आई म्हणाली, सांग, काय वाचणार? मित्रांनो, खरं सांगतो, काहीच सुचेना. गेल्या दीड वर्षात मी लोकल ऑथर आणि सिनियर्सच्या झेरॉक्स सोडून एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. आजी म्हणाली, "तुझी पाळी मला दे." आणि 'स्मृतिचित्रे' माझ्या हातात दिलं.

त्या रात्री बाबा ड्युटीवर होते, आई लवकर झोपली. मी वाचत होतो. मध्येच आजी म्हणाली, "थांब. तुला एक सांगते, कुणाला बोलू नको."

गेल्या जानेवारीत ती नाशिकरोडहून आत्याकडून एकटीच येत होती. रात्रीची गाडी, बाहेर धुकं. घोटीला गाडी थांबली, तिला वाटलं आपलं गाव आलं. पाटी समोर होती, पण पाटीचा उपयोग काय? डब्यातली माणसं झोपलेली, विचारायचं कुणाला? ती उतरली. गाडी निघून गेल्यावर कळलं. पहाटेपर्यंत बाकावर लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन बसून राहिली. घरी सांगितलं की डोळा लागला होता, चुकून उतरले. मलाही होस्टेलवर फोनवर तेच कळलं होतं, आणि मी हसलो होतो.

शेगडीतला विस्तव विझत आला होता. मी बॅगेतून असाइनमेंटची कोरी पानं काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : इगतपुरी. शेजारी : घोटी. अआइईपासून सुरुवात केलीच नाही. आधी गाव. इ, ग, त, पु, री. तासाभराने तिने पुस्तक मागितलं, मुखपृष्ठावर बोट फिरवलं आणि 'स्मृति'वर थांबली. "ह्यो आपल्या गावातला त न्हवं?"

तोच होता, फक्त डोक्यावर वेलांटी घेऊन बसलेला.

पुढचे पंधरा दिवस आई झोपली की आमचा क्लास. आजी हुशार आहे, पण जोडाक्षर आलं की चिडते. 'क्ष' आणि 'ज्ञ' अजून बाकी आहेत. आईला सगळं कळलं असणार, कारण चौथ्या दिवशी शेगडीजवळ कुणीतरी पाटी आणि पेन्सिल ठेवून गेलं. बोललं मात्र कुणी नाही.

निघताना आजी स्टेशनवर आली. पिवळ्या पाटीसमोर उभी राहून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. दोन-चार लोक वळून बघायला लागले, तिने पर्वा केली नाही.

बँकर इंजिन इगतपुरीला सुटतं आणि गाडी पुढे निघून जाते. आपल्याला मागून कुणी ढकललं, हे डब्यात बसलेल्यांना कळतही नाही. मी असाच निघून गेलो होतो. पंधरा दिवसांत माझं कर्ज फिटलं, असं मी म्हणणार नाही. घोटीच्या बाकावरची ती रात्र माझ्या नावावर राहणारच.

पण आता पुढच्या थंडीसाठी एक गोष्ट ठरली आहे. 'स्मृतिचित्रे'चं पहिलं पान आजी वाचणार, आम्ही ऐकणार. किती वेळ लागेल तो लागो, शेगडीत कोळसा घालायला मी आहे.