विटा-चुन्याचे लखनौ

लखनौच्या नबाबी वास्तूंवर एक जुना आक्षेप आहे : हे सारे विटा-चुन्याचे सोंग, संगमरवर नाही, घडीव पाषाण नाही. फर्ग्युसनसारख्या पंडितानेही त्यांना नाक मुरडले; बड्या इमामबाड्याच्या भव्यतेला तेवढी दाद दिली. आम्ही महाराष्ट्रीय तर सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पोसलेले. वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांना गिलाव्याचे कौतुक ते काय असणार!

मला मात्र लखनौ पाहण्याची दृष्टी इटलीतील व्हिचेन्झा नगरीने आधीच दिली होती. पॅलाडिओच्या ज्या स्तंभांपुढे युरोप नतमस्तक झाला, त्यांतील कित्येक आतून विटांचे असून वर गिलावा आहे. तेथील तेआत्रो ऑलिंपिको या नाट्यगृहाच्या रंगमंचामागे उभी असलेली नगरी तर लाकडाची आणि गिलाव्याची. तिला कोणी सोंग म्हणत नाही. मग हा शब्द गोमतीकाठीच का आठवावा?

बडा इमामबाडा आसफउद्दौल्याने १७८४ च्या सुमारास, दुष्काळात आरंभिला. उपाशी हातांना काम मिळावे हा त्यामागील हेतू होता, असे परंपरा सांगते. त्याचे मधले दालन सुमारे ५० मीटर लांब व १६ मीटर रुंद आहे. वर विटांचे कमानदार छत. मध्ये एकही खांब नाही, तुळई नाही, लोखंड नाही. वरच्या ज्या भुलभुलैयात प्रवासी हौसेने वाट चुकतात, त्या पोकळ बोळांनीच माथ्यावरचा भार हलका केला आहे. वाटाडे चोरवाटांच्या कथा रंगवून सांगतात. ही खरी नवलाई मात्र क्वचितच. शेजारच्या दरवाजाचे नाव रूमी. हे रूम म्हणजे कॉन्स्टँटिनोपल; इटलीतील रोम नव्हे, तरी रोमन साम्राज्याचीच ती पूर्वेकडील राजधानी.

कैसरबागेत वाजिद अली शाहाचा परीखाना आहे. १९२६ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नांनी स्थापन झालेली संगीतसंस्था आता तेथे नांदते. आपली 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' त्यांनी मराठीत लिहिली, हे सांगितले की येथील मित्रांना नवल वाटते. मलाही त्या वास्तूत अंमळ अधिक रेंगाळावेसे वाटते, हे कबूल करायला हवे.

एक चिंता मात्र पाठ सोडत नाही. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. शहरातील कित्येक जुन्या भिंतींवर दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटची ठिगळे लागली आहेत, आणि त्यांच्या कडेकडेने पातळ लाखौरी वीट भुगा होऊन झडते आहे.