महाडच्या वाटेवर

२० मार्च जवळ आला की आमच्या वस्तीत महाडची लगबग सुरू होते. गेल्या खेपेस आम्ही आठ जण आदल्या दिवशी पहाटे गोवंडीहून जुन्या जीपने निघालो. गाडी वस्तीतल्याच एका तरुणाची. तिच्यावरच त्याचे घर चालते.

पेण मागे पडले आणि गाडी होडीसारखी डुलू लागली. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, त्याची रखडकथा काय सांगावी! एका खड्ड्याला चार-चार हेलकावे. मागे बसलेल्या आजींना कंबरदुखीचा जुना त्रास. त्या बोलत नव्हत्या, पण दर खड्ड्याला समोरची दांडी घट्ट धरत होत्या.

माणगावला थांबलो. (हे रायगडातले माणगाव. १९२० च्या परिषदेचे माणगाव कोल्हापूरकडचे.) मिस्त्रीने गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडला. चांगली गाडी वर येऊन थांबते, आमची तीनदा नाचली. मागच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळून काळा चिकटा साचला होता. नव्या जोडीची किंमत ऐकून पोराचा चेहरा उतरला, कारण हप्ता तोंडावर होता. वर्गणीचा हिशेब आमच्याकडे. आम्हीही गप्प.

"साहेब, आधी उघडून तर बघू," मिस्त्री म्हणाला.

त्याने लेथवर टोपण कापले. आतला दांडा पुसून त्यावर नख फिरवले. ओरखडा लागला नाही. लागला असता तर नवे सीलही लवकरच फाटले असते, मग दांडाच बदलायचा. इथे मात्र झिजले होते ते फक्त रबरी सील आणि बुश. नळी धुतली, सील बसवले, तेल मापून ओतले. दांडा कितीतरी वेळा वरखाली केला, कारण आत हवा राहिली तर शॉकअप पोकळ चालतो. मग आटे पाडून नवे टोपण घट्ट केले. दोन्ही बाजूंचे काम एकदमच केले, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. गॅसचे शॉकअप मात्र आपण उघडत नाही, आत दाब असतो, हेही त्याने सांगून टाकले.

तीन तास गेले. खर्च नव्या जोडीच्या निम्म्याहून कमी. आम्ही पावती मागितली तेव्हा मिस्त्री हसला.

संध्याकाळी चवदार तळ्यावर पोहोचलो. १९२७ साली बाबासाहेबांनी जिथे ओंजळीने पाणी घेतले, त्या तळ्याच्या पायऱ्या आजी कुणाचा हात न धरता उतरल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "पोरा, परत जाताना मी पुढं नाही बसणार. मागंच बरं आहे आता."