कोलकात्याची राखलेली जलपर्णी

पुण्यास मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली म्हणजे नाकास रुमाल लावून पूल ओलांडण्याची आम्हांस संवय झालेली. त्यामुळें गेल्या हिंवाळ्यांत कोलकात्यास मामांकडे गेलों असतां, शहराच्या पूर्वेस हीच वनस्पति तलावांच्या कांठाशीं बांबू लावून मुद्दाम राखलेली पाहिली तेव्हां आम्ही थक्क झालों. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या ह्या पाहुणीच्या उच्छेदासाठीं बंगालनें १९३६ सालीं खास कायदा केला होता!

हा पाणथळ प्रदेश सुमारें १२,५०० हेक्टरांचा. शहराचें मैलापाणी येथील उथळ तलावांत घेऊन त्यांत रोहू, कटला वाढवितात. ह्या तलावांस तिकडे ‘भेडी’ म्हणतात. पाणी जेमतेम कंबरभर असल्यानें ऊन तळापर्यंत पोहोंचतें, शेवाळ प्राणवायु सोडतें आणि सूक्ष्म जंतु मैल्याचा फडशा पाडतात. परंतु शिसें किंवा क्रोमियम जंतूंस पचत नाहीं. टांगरा-तोपसियाकडील कातडी कमावण्याच्या कारखान्यांचें क्रोमियम नाल्यांत उतरत असे. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ते कारखाने हलविण्याचा हुकूम दिला व पुष्कळसे बानतल्यास गेले. नाल्यांतला जुना गाळ मात्र राहिलाच.

नावाड्यानें एक रोप उचलून दाखविलें. वर टवटवीत पानें, खालीं काळसर केसाळ मुळांचा लांब झुपका. पाण्यांतील धातु ह्या मुळांस चिकटतो व आंत शोषला जातो; पानांपेक्षां मुळांतच तो अधिक सांठतो. शिवाय लाटांपासून बांध राखला जातो तो वेगळाच.

“दादा, ही जुनी झाली म्हणजे टाकतां कोठें?” वहिनींनीं विचारलें.

त्यानें कांठाकडे बोट केलें. तेथें उपसलेल्या जलपर्णीचा ढीग कुजत पडला होता. रोप कुजतें, धातु कुजत नाहीं. पावसाबरोबर तो पुन्हां पाण्यांत, अथवा खत केल्यास शेतांत! योग्य वेळीं उपसून दूर, निराळ्या जागीं पुरल्यावांचून ती सारी मेहनत फुकट जाते.

पलीकडे धाप्यास शहराच्या कचऱ्याच्या खतावर व ह्याच मैलापाण्यावर भाजीपाला पिकतो. आम्ही शाकाहारी, म्हणून मासळीची चिंता आम्हांस नव्हती. रात्रीं पानांत फुलकोबीची भाजी आली.

“मामी, ही धाप्याची का हो?” वहिनींनीं हळूच विचारलें.

“नाहीं तर कोठली? तीस वर्षें तीच खातों आम्ही,” मामी हंसून म्हणाल्या आणि त्यांनीं आम्हांस आणखी वाढली.