एक दांता कमी

वेग आणि त्वरा हे दोन शब्द आपण इतक्या सैलपणें वापरतों कीं, त्यांत कांहीं भेद असेल अशी शंकाहि आपल्याला येत नाहीं. वस्तुतः आगगाडीला वेग असतो आणि मांजराला त्वरा असते. आगगाडी एकदां रंगांत आली म्हणजे तिला गांठणें मांजराच्या सात पिढ्यांना शक्य नाहीं. पण फलाटावरून पहिल्या दहा हातांची शर्यत लावली, तर मांजर निःसंशय जिंकेल. हा भेद मला शिकविला तो कोणा पदार्थविज्ञानाच्या पंडितानें नव्हे. माझ्या पुतण्यानें, आणि तोहि एका मोटारसायकलीच्या निमित्तानें.

बजाजच्या चाकण येथील कारखान्यांत तयार होणारी केटीएम ड्यूक ३९० ही गाडी २०१३ सालीं आपल्याकडे विक्रीस आली. तेव्हां तिचें इंजिन ३७३ घनसेंटिमीटरांचें होतें. त्याच जातीची एक वापरलेली गाडी पुतण्यानें दोन वर्षांच्या पगारांतून शिल्लक टाकून विकत घेतली. शहाण्या माणसानें ती जशी होती तशी चालविली असती. पण मनुष्याचा स्वभावच असा आहे कीं, नवें घर घेतलें म्हणजे पहिल्याच महिन्यांत तो एक खिडकी बुजवितो व दुसरी फोडतो. त्यावांचून तें घर आपलें झालें असें त्याला वाटतच नाहीं.

त्यानें केलेला पहिला फेरफार इतका लहान होता कीं, बोट ठेवून दाखविल्यावरहि तो मला दिसेना. इंजिनाची शक्ति साखळीनें मागच्या चाकाकडे जाते. साखळीच्या पुढच्या टोकाला लहान व मागच्या टोकाला मोठें असें एकेक दांत्यांचें चक्र असतें. कारागीर त्याला स्प्रॉकेट म्हणतात. या गाडींत पुढें १५ व मागें ४५ दांते होते. म्हणजे पुढचें चक्र तीनदां फिरावें, तेव्हां मागचें एकदां फिरावयाचें. पुतण्यानें पुढें १४ दांत्यांचें चक्र बसविलें. तिनाचें प्रमाण ३.२१ झालें, मागच्या चाकाला मिळणारी ओढ सुमारें ७ टक्क्यांनीं वाढली, आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना गाडीचा वेग एक-पंधरांश घटला. मागें ४८ दांत्यांचें चक्र लावूनहि जवळजवळ हेंच साधतें. पण मग साखळी बहुधा लांब घ्यावी लागते.

यांत मला गंमत वाटली ती ही, कीं इंजिनाला रतिभरहि नवी शक्ति मिळालेली नव्हती. होती तीच शक्ति कोठें खर्चावयाची, एवढेंच नव्यानें ठरलें होतें. शेवटच्या टोकाचें वैभव देऊन त्यानें आरंभींचा उत्साह विकत घेतला होता. महिन्याच्या पगारांत बसणारा संसार ज्यानें केला आहे, त्याला हें शास्त्र वेगळें शिकवावयास नको.

आणि हा सौदा मूर्खपणाचाहि नव्हता. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें सिहोरा आहे. धानाचीं पोतीं भरलेले ट्रॅक्टर, शेळ्यांचे कळप, गतिरोधक आणि सायकलींवरून शाळेला जाणाऱ्या मुली यांच्यामधून ताशीं दीडशें किलोमीटर जाऊं म्हणणाऱ्यास वैद्याकडे न्यावें लागेल. अशा रस्त्यावर कमाल वेग ही कधींच न मोडतां येणारी मोठी नोट आहे. रोज उपयोगी पडते ती त्वरेची चिल्लर.

आमच्या भागांतील शंकरपटाच्या धुरकऱ्यांना हें तत्त्व पुस्तक न वाचतां कळलेलें आहे. पटाचा छकडा म्हणजे धानाची गाडी नव्हे. त्यावर ओझें घालावयाचें नसतें, म्हणून तो जितका हलका करतां येईल तितका करावयाचा; निकाल लागतो तो सेकंदाच्या अंशांवर. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या सात-साडेसात वर्षांत जीं मुलें वयांत आलीं, त्यांतलाच हा एक. कासऱ्याऐवजीं त्याच्या हातीं क्लच आला, एवढाच फरक.

पुढें वळणांची पाळी आली. पुढच्या चाकाचे फोर्क उभ्या रेषेशीं पंचवीस अंशांच्या आसपास तिरपे असतात. ते आपल्या पकडींतून पांच-सहा मिलिमीटर वर सरकविले म्हणजे गाडीचें तोंड तेवढें खालीं येतें, तिरपेपणा किंचित् कमी होतो, आणि हँडल हलक्या स्पर्शालाहि ओ देऊं लागतें. पण सरळ रेषेवर परत येण्याची जी उपजत ओढ गाडींत असते, तीहि त्याबरोबर थोडी मंदावते. चपळपणा म्हणजे समजून-उमजून पत्करलेली अस्थिरताच होय. मागें रुंद टायर घातला कीं गाडी पहिलवानासारखी दिसते, म्हणून पुष्कळ पोरें तो घालतात. प्रत्यक्षांत तेंच वळण घेण्यास ती अधिक कलवावी लागते. पुतण्यानें तो मोह टाळला. उलट, चाकाच्या कडेवरचें एक किलो कमी केलें तर वेग घेतांना जवळजवळ दोन किलो कमी केल्यासारखें होतें, कारण तें पुढें न्यावें लागतें तसें फिरवावेंहि लागतें, हें त्यानें मला मोठ्या उत्साहानें समजावून दिलें.

वजनाच्या या हिशेबांतूनच घरांत कलह शिरला. एके दिवशीं त्यानें मागची बैठक, धरावयाची पकड आणि पाय ठेवण्याच्या खुंट्या काढून टाकल्या. सारें मिळून तीन-साडेतीन किलो. माझ्या भावाच्या मागें वहिनींनीं या मुलाला एकटीनें वाढविलें. त्याच बैठकीवर बसून त्या दर शनिवारीं चांदपूरच्या मारुतीला जात असत. त्यांनीं आदळआपट केली नाहीं. मला एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, वजन कमी केलं म्हणतो तो. ते वजन माझंच होतं.”

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. मागच्या स्वाराची पकड आणि पायांचा आधार हीं तर १९८९ च्या नियमांनीं आवश्यकच ठरविलेलीं आहेत. पण घरच्या मुलाशीं वकिलाच्या भाषेंत बोलणें मला प्रशस्त वाटेना. मीं त्याला त्याच्याच शास्त्रांतला प्रश्न विचारला, “तुझ्या चौदा दांत्यांचा खरा उपयोग केव्हां होतो रे?”

“ओझं असलं की, काका. चढावर, नाही तर डबल सीट असलो की...” आणि बोलतां बोलतां तो आपणच थांबला.

शुक्रवारीं रात्रीं बैठक, पकड व खुंट्या पुन्हा जागेवर बसल्या. मागें माणूस बसलें कीं गाडीचें मागचें अंग दबतें आणि पुढचा तिरपेपणा आपोआप वाढतो; म्हणून फोर्क त्यानें तसेच वर ठेवले. चौदा दांतेहि राहिले.

प्रत्येक सुधारणेची किंमत कोणीतरी मोजतोच. ती कोणाच्या खिशांतून जाते, एवढें मात्र पाहिलें पाहिजे. शेवटच्या टोकाचा वेग पुतण्यानें सोडला, तो त्याचा स्वतःचा होता. त्या उदारपणाचें मला कौतुक वाटलें. मागची बैठक त्याची एकट्याची नव्हती. हल्लीं वहिनींची तक्रार निराळी आहे. गाडी सुटतांना असा हिसका बसतो, कीं एका हातानें पदर आणि दुसऱ्या हातानें नारळ सांभाळावा लागतो, म्हणतात. अशा तक्रारी घरांत असाव्या.