थरथर की झिणझिण?

मराठीच्या प्राध्यापकाचा घराला काय उपयोग असतो, हा प्रश्न आमच्याकडे वर्षातून दोनचार वेळा तरी चर्चेला येतो. सौ.चे मत केव्हाच ठरलेले आहे. ती म्हणते, “नळ बिघडला की तुम्ही ‘गळणे’ आणि ‘ठिबकणे’ यांतला फरक सांगता, पण वायसर बदलायला मला प्लंबरच शोधावा लागतो!” यावर माझ्यापाशी उत्तर नसते. गेल्या वीस वर्षांत मी जवळजवळ दोन हजार मुलांना शब्दांच्या अर्थच्छटा शिकवल्या असतील. परंतु त्यांतल्या एकाही छटेने घरातला एकही स्क्रू घट्ट झालेला नाही.

म्हणूनच यंदाच्या भाद्रपदात जे घडले ते मला सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या एका शब्दाने एक गाडी दुरुस्त झाली. हो, हसू नका! मालवाहू पिकअप गाडी. मात्र ही हकीकत पुरती माझ्या कौतुकाची नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आम्ही मूळचे खडकीचे. इंग्रजांच्या जिभेला हे नाव पेलले नाही, म्हणून त्यांनी त्याचे ‘किर्की’ केले. आणि १८१७ च्या ५ नोव्हेंबरला पेशव्यांच्या फौजेशी त्यांची जी लढाई झाली, तीही त्यांच्या पुस्तकांत किर्कीचीच लढाई होऊन बसली. पुढे छावणी वाढली, १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला, सॅपर्सची पलटण आली, लष्करी वाहने दुरुस्त करणारे मोठे वर्कशॉप आले. त्यामुळे पुण्याच्या पेठांत जशी गल्लोगल्ली संगीत समजणारी माणसे, तशी खडकीत लोखंड समजणारी. आमचे वडील त्यांतलेच. कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या दोन मुलांपैकी थोरला पुस्तकांत गेला आणि धाकटा त्यांच्या हातावर गेला.

या धाकट्याने चार वर्षांपूर्वी कर्ज काढून पिकअप घेतली. जामीन अर्थातच मी. संध्याकाळी तो तळेगावकडे जातो, तिथल्या पॉलिहाऊसमधले गुलाब आणि जरबेरा यांचे खोके भरतो, रात्री द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरतो आणि पहाट व्हायच्या आत दादरच्या फूलबाजारात माल टाकतो. मुंबईच्या लग्नमंडपात नवरानवरीवर जी फुले उधळली जातात, त्यांच्यासाठी कोणीतरी रात्रभर जागलेला असतो, हे मलाही घरात पिकअप आल्यावरच समजले.

श्रावणात या गाडीला कापरे भरू लागले. गावात चाळीसपन्नासच्या वेगाने काही नाही. पासष्टला सुरुवात, आणि ऐंशीला म्हणे आरशात मागची गाडी एकाच्या दोन दिसते. आता गावातल्या रस्त्यांवर सगळ्याच गाड्या हादरतात. तिथे दोष रस्त्याचा की गाडीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. परंतु किवळ्यापासून पुढे सिमेंटचा सपाट रस्ता. तिथे गाडी हादरली तर दोष गाडीचाच.

उपचार सुरू झाले. पहिल्याने कोणीतरी सांगितले, अलाइनमेंट करा. ती केली. मागाहून मला कळले की गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर तिरपे झिजत असतील तर अलाइनमेंटचा उपयोग. थरथरीशी तिचे नाते लांबचे. मग बॅलन्सिंग झाले. चाक यंत्रावर गरगर फिरवतात आणि ज्या बाजूला वजन कमी त्या बाजूला रिमला शिशाचा लहानसा तुकडा लावतात. चारदोन तोळ्यांचा हा फरक. पण वेगात तो चाकाला उड्या मारायला लावतो. तेही झाले. गाडी हादरतेच. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले. थरथरीने जागा बदलली नाही. शेवटी दोन नवे टायर आले. नवे टायरही जुन्याइतक्याच निष्ठेने थरथरू लागले.

पैसे गेले ते गेलेच. वर दोन महिन्यांवर दिवाळी आलेली. फुलांचा हंगाम तोंडावर, आणि बंधुराज रात्री साठाच्या वर गाडी न्यायला धजत नव्हते. उशिरा पोचलेल्या फुलाला भाव नसतो. एक हप्ता थकला, आणि बँकेची सूचना जामीनदार म्हणून माझ्याही दारी आली. आई काही बोलत नसे, पण रात्री धाकट्याची गाडी गल्लीतून बाहेर पडली की ती देव्हाऱ्यापाशी जाऊन बसे. घाटात चाक निसटले तर, हा विचार प्रत्येकाच्या मनात होता आणि कोणाच्याच तोंडात नव्हता.

अशा वेळी थोरल्या भावाने काय करावे? मी जे करतो तेच केले. व्याख्यान दिले. “गाडी विकून टाक” इथपासून “वेळच्या वेळी देखभाल” इथपर्यंत तासभर बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, “दादा, तू एकदा तरी त्या गाडीत बसलायस का?”

चार वर्षे मी त्या गाडीचा जामीन होतो, पण तिच्यात बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे आम्ही निघालो. हॅरिस पूल, पिंपरी, निगडी, देहूरोड. किवळ्याला वळून द्रुतगती मार्गाला लागलो आणि त्याने हळूहळू वेग वाढवला. पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. मी सुकाणूचक्राकडे डोळे लावून बसलो होतो, कारण तो नेहमी म्हणे, “गाडी थरथरते.” पण चक्र फारसे हलत नव्हते. हलत होते ते माझे आसन. पायांखालचा पत्रा. पोटऱ्यांतून एक बारीक, वेगवान लहर वर चढत होती; पाय दुमडून फार वेळ बसल्यावर मुंग्या येतात ना, तशी.

“अरे, ही थरथर नव्हे,” मी म्हणालो, “ही झिणझिण आहे!”

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती सौ.च्या नजरेसारखीच होती.

परंतु आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. गदगद, थरथर, लटलट, खडखड, धडधड, घरघर, झणझण, झिणझिण! हलण्याच्या प्रत्येक तऱ्हेला आपण वेगळे नाव दिले आहे. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात असले जोडशब्द पाहत बसावे, तास कसा जातो कळत नाही. थरथर मोठी असते आणि मोजता येण्याजोगी असते. झिणझिण बारीक आणि मोजण्यापलीकडची. मला एवढेच ठाऊक होते. यापुढचे ज्याला ठाऊक होते तो माणूस आम्हांला त्याच दिवशी दुपारी भेटला.

खडकी बाजाराच्या मागच्या एका गल्लीत ईएमईमधून निवृत्त झालेले एक हवालदार गाड्या पाहतात. दुकानावर पाटी नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही; आधी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “काय होतंय?”

धाकटा म्हणाला, “थरथरते.” मी भीतभीत म्हणालो, “नाही, झिणझिणते. बसायच्या जागेत. चक्रात नाही.”

हवालदारांनी विडी विझवली. जुने वैद्य रोग्याला विचारत तसे त्यांचे प्रश्न सुरू झाले. ब्रेक दाबल्यावर वाढते का? नाही. म्हणजे ब्रेक सुटले. त्याच वेगात क्लच दाबला, इंजिन उतरले, तरी राहते का? राहते. म्हणजे इंजिन सुटले. गाडी भरलेली असली की जास्त, की रिकामी असली की? बंधुराज म्हणाले, “रिकामी असली की जास्त.” हवालदारांनी मान डोलावली आणि जमिनीवर खडूने हिशेब मांडला. या गाडीचे चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. ऐंशीच्या वेगाला ते सेकंदाला दहा फेरे घेते. चाकात दोष असेल तर सेकंदाला दहा धक्के. हाताला कळतात, चक्र हलवतात. ती थरथर. पण इंजिनाकडून मागच्या चाकांना जोर नेणारा जो लांब दांडा गाडीच्या पोटाखाली फिरतो, तो चाकाच्या सुमारे चौपट फिरतो. सेकंदाला चाळीस फेरे. त्याचा दोष हाताला कळत नाही, बुडाला कळतो.

“प्रोफेसरसाहेबांचा शब्द बरोबर आहे,” ते म्हणाले. माझ्या आयुष्यात इतका मोठा अभिप्राय कोणत्याही विद्वानाने मला दिलेला नाही.

मग त्यांनी धाकट्याकडे वळून विचारले, “शाफ्ट मध्ये कधी कोणी खोलला होता?”

“नाही,” तो म्हणाला.

हवालदार काही न बोलता गाडीखाली गेले. पाच मिनिटांनी त्यांनी मला खाली वाकून बघायला सांगितले. दांड्याच्या दोन्ही टोकांना घोड्याच्या नालेसारखे एकेक दुबेळके, आणि प्रत्येक दुबेळक्यात अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा. गॅरेजात याला क्रॉस म्हणतात. मागचा क्रॉस नवाकोरा होता. “हा आपोआप नवा झाला नाही,” हवालदार शांतपणे म्हणाले.

बंधुराजांनी माझ्याकडे न पाहता सांगायला सुरुवात केली. आषाढात एका रात्री मागचा क्रॉस टकटक करू लागला. रस्त्याकडेच्या एका मेकॅनिककडून त्याने तो अर्ध्या तासात बदलून घेतला. घरी बोलला नाही. का? कारण महिन्यापूर्वीच मी त्याला चांगल्या वर्कशॉपमध्ये गाडी तपासून घ्यायला पैसे दिले होते आणि ते त्याने मुलीच्या कॉलेजच्या फीला भरले होते.

“अरे, मग फीला मागायचेस!” मी म्हणालो. “मी दिले नसते का?”

“दिले असतेस दादा,” तो म्हणाला, “पण अर्धा तास बोलला असतास.”

हवालदारांनी पाना उचलला. ते बोलले असते तर बरे झाले असते, पण ती माणसे अशा वेळी बोलत नाहीत.

दुरुस्तीला तास लागला नाही. हा सांधा मोठा विलक्षण आहे. इटलीतल्या कार्डानो या सोळाव्या शतकातल्या पंडिताच्या नावाने तो ओळखला जातो, आणि पुढच्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला हुकचा सांधाही म्हणतात. त्याची खोड अशी, की दांडा जरा तिरपा असला की तो फिरणे सारखे पुढे पोचवीत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. म्हणून दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा बसवतात. पहिला घाई करतो तेव्हा दुसरा रेंगाळतो, आणि चाकापर्यंत जाताना सगळे समतोल होते. मात्र एक अट आहे. दोन्ही टोकांची दुबेळकी एका रेषेत हवीत. दांडा मध्ये दात्यांवर सरकणारा, दोन भागांचा असतो. खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करून ठेवायची असते. त्या रात्री पावसात खूण करायची राहिली, आणि जोडताना दोन दाते चुकले. मग दोघांचे दोष एकमेकांना खोडण्याऐवजी एकमेकांत मिसळू लागले. गाडी रिकामी असली की मागची बाजू उचललेली, दांड्याचा तिरपेपणा वेगळा, म्हणून झिणझिणही अधिक.

हवालदारांनी दांडा ओढून सुटा केला, दोन दाते मागे फिरवून दुबेळकी एका रेषेत आणली, ग्रीस भरले आणि दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. “पुन्हा कोणी खोलला तर ही रेघ जुळवायला सांगा,” ते म्हणाले. त्यांनी घेतलेले पैसे एका टायरच्या किमतीपुढे काहीच नव्हते.

संध्याकाळी आम्ही पुन्हा किवळ्यापर्यंत आणि पुढे गेलो. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. समोर ठेवलेल्या बाटलीतले पाणी नुसते डुलत होते. आरशात मागची गाडी एकच होती. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. त्याच्या गाडीविषयी, कर्जाविषयी आणि खोटे बोलण्याविषयी माझ्यापाशी एक उत्तम व्याख्यान तयार होते. प्रस्तावना जिभेवर आली होती. तेवढ्यात मला ती पांढरी रेघ आठवली. इतकी वर्षे मी घाई करीत होतो आणि तो रेंगाळत होता. तो रेंगाळतो म्हणून मी बोलत होतो, मी बोलतो म्हणून तो लपवत होता. दोष दोघांतही होता. दुबेळकी तेवढी चुकली होती.

“पुतणीची पुढची फी कधी आहे?” मी विचारले.

“जानेवारीत,” तो म्हणाला. आणि थोडे थांबून, “सांगेन तुला.”

मी “बरं” म्हणालो. फक्त “बरं”. सौ.ला हे सांगितले तेव्हा तिचा विश्वासच बसला नाही.

आता त्याची दिवाळीची धावपळ सुरू झाली आहे. गाडी गल्लीतून बाहेर पडली की आई अजून देव्हाऱ्यापाशी जाते, पण उठतेही लवकर. पहाटे चारसाडेचारला माझा फोन वाजतो. “पोचलो,” एवढा एकच शब्द पलीकडून येतो. शब्दांच्या अर्थच्छटा शिकवण्यात मी आयुष्य घालवले आहे. परंतु या एका शब्दाची छटा मला अजून कोणत्याही वर्गात नीट सांगता येईल असे वाटत नाही.